अँबॅसिडर, अधिक एक म्हैस

मी चुंबक लावून गाडी घेतली. चुंबक जिथं लावलं तिथं चिकटलं, म्हणून मी खूश झालो आणि भावही न करता पैसे दिले. एवढीच माझी चूक. पुढचं सगळं त्या चुकीनं स्वतःच्या हिमतीवर केलं.

ज्यांनी कधी जुनी गाडी घेतली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुनी गाडी गंजते, पत्र्याला भोकं पडतात, आणि विकणारा त्या भोकांत पुट्टी भरून वरून रंग मारतो. रंग मारल्यावर पुट्टी आणि पत्रा सारखेच दिसतात. चुंबक मात्र फसत नाही. पत्र्याला चिकटतं, पुट्टीवरून घसरतं. मी हे चुंबक रुमालात गुंडाळून खिशात ठेवत असे, आणि एखाद्या गाडीजवळ गेलो की डॉक्टर स्टेथोस्कोप काढतो तसा हळूच बाहेर काढत असे. आजूबाजूचे लोक गप्प व्हायचे. मला ते गप्प होणं फार आवडायचं.

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये जुन्या गाडीचा पारखी म्हणून माझं नाव होतं. आमच्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी रिटायर होतो. क्वार्टर सोडतो, भंडाऱ्याकडे नाहीतर गोंदियाकडे आपल्या गावी निघतो आणि जाताना गाडी विकायला काढतो. ती गाडी घेणारा मला बोलावतो. मी आधी गाडी बघत नसे, मालकाच्या चपला बघत असे. चपलेची टाच एका बाजूनं झिजलेली असेल तर क्लच गेला समजा. मग पेडलचं रबर बघायचं, मॅट उचलून वास घ्यायचा, आणि शेवटी चुंबक. वर एक वाक्य ठेवलेलंच असे : "लोखंड मला कळतं. तीस वर्षं प्लेट मिलमध्ये आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा असं मी म्हणत नाही. मीच ते विसरायचा प्रयत्न करतोय.

तर ही अँबॅसिडर दुर्गला पद्मनाभपुरात होती. साय रंगाची, गोल पाठीची, अंगणात बदामाच्या झाडाखाली उभी. लहानपणापासून मला अँबॅसिडरच हवी होती. दुसऱ्यांना मी गाड्या घेऊन द्यायचो त्या शहाणपणाच्या. स्वतःसाठी मात्र ही बघितल्याबरोबर मी शहाणपण फाटकाबाहेर ठेवलं. मालक फॅब्रिकेशन शॉपमधून रिटायर झालेले गृहस्थ, अंगात बनियन, हातात चहाची बशी. त्यांच्या चपला मी बघितल्या. दोन्ही टाचा सारख्या. झालं, तिथंच मी अर्धा विकला गेलो.

चुंबक काढलं. दार, टप्. बॉनेट, टप्. छप्पर, टप्. मागची डिकी, तिथं तर चुंबक हातातून ओढून घेतल्यासारखं गेलं आणि काढताना माझं नख तुटलं.

"अजिबात सडलेली नाही," मालक म्हणाले.

"दिसतंयच," मी म्हणालो. "लोखंड मला कळतं. तीस वर्षं प्लेट मिलमध्ये आहे."

"बरं आहे मग." ते बशीतला चहा प्याले. "आणखी काही इचारायचं असंल तर इचारा."

मी काय विचारणार? मी तर त्यांनाच शिकवायला लागलो. दार लावलं, तर बँकेच्या तिजोरीसारखा धप्प आवाज आला. मी म्हणालो, "वा! जुन्या काळचं काम." चालवून बघितली तर स्टिअरिंग वळता वळेना. मी म्हणालो, "जुन्या गाड्यांचं असंच असतं, मुरावं लागतं." ब्रेक दाबला तर गाडी थांबायच्या आधी थोडा विचार करायची. मी म्हणालो, "ऐटीत थांबते." स्वयंपाकघरातून कोणीतरी खुदकन हसलं. मला वाटलं टीव्ही चालू आहे.

घरी येताना सुपेल्याचा उड्डाणपूल लागला. चढाच्या निम्म्यावर गाडीनं श्वास सोडला. दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात आणली. पहिल्याच्या खाली गिअर नसतो, नाहीतर तोही टाकला असता. डावीकडून फुलकोबी लादलेली ई-रिक्षा पुढे गेली. रिक्षावाल्यानं वळून मला हात केला. तो हात टाटाचा होता की दयेचा, ते कळलं नाही. शेवटी मागच्या बसमधले दोघंतिघं उतरले, त्यांनी धक्का द्यायला हात लावले आणि लगेच काढले. एकानं काचेतून आत वाकून विचारलं, "भैया, पीछे क्या भरा है?"

मागे काहीच भरलेलं नव्हतं. मी पूल उलटा उतरलो आणि खालच्या रस्त्यानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकांच्या धरमकाट्यावर नेली. तिथं ट्रक आधी रिकामा मोजतात, मग भरलेला. काट्यावरच्या माणसानं खिडकीतून विचारलं, "खाली या भरी?"

"खाली."

त्यानं आकडा बघितला. माझ्याकडे बघितलं. बाहेर आला आणि गाडीत डोकावून गेला. परत आत जाऊन म्हणाला, "खाली नहीं है."

आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा गाडी पाच क्विंटल जास्त भरली. एक चांगली दुभती म्हैस मागच्या सीटवर बसवली तर होईल तेवढी.

पद्मनाभपुरात फोन लावला. ते गृहस्थ अगदी शांतपणे, काही न लपवता बोलले. जिथं गंज दिसला तिथं त्यांनी पत्रा कापला होता, सुपेल्याच्या भंगार दुकानातून पोलादाच्या जाड प्लेटचे तुकडे रीतसर विकत आणून, ठोकून ठोकून गोलाई देऊन वेल्ड केले होते. आधी फरशी. मग दारं, मग बॉनेट, मग छप्पर. शेवटी गंज नसलेल्या ठिकाणीही, कारण हात बसला होता. गाडी दबू नये म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत दोन पाट्या जास्तीच्या टाकल्या होत्या.

"अहो, मग सांगायचं ना!" मी ओरडलो.

"तुमी म्हटलं ना, प्लेट मिलमदी हाव म्हणून. मले वाटलं, तुमाले दिसून राहिलं. खुश दिसले, म्हणून बोललो नाही."

तीस वर्षं ज्या प्लेटा लाल होऊन माझ्या डोळ्यांसमोरून सरकल्या, त्यांना कोणी साय रंग दिल्याबरोबर मी ओळखलं नाही. पुट्टीला न फसणारं चुंबक होतं माझ्याजवळ, पण लोखंड जास्त असेल तर ते काय करणार? ते बिचारं जास्तच आनंदानं चिकटणार.

बायकोनं गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला. तिचे वडील प्लांटातच होते, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"गाडी घेतली का रणगाडा?"

"मजबूत आहे."

"मजबूत तर आपला पानी टाकीचा खांबई आहे. त्याले काय अंगणात आणून ठेवायचं?"

तेव्हा माझ्या रिटायरमेंटला सहा महिने राहिले होते. आम्ही एक फ्लॅट घेऊन ठेवला होता, तिसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंग म्हणजे दोन खांबांच्या मध्ये एक स्कूटर आणि जरा लाज, एवढंच मावेल असं. तिनं सरळ सांगून टाकलं, "क्वार्टरची चाबी देतो त्या दिवशी हे गाडी अंगणात दिसली ना, तर मी भंगारवाल्याले बोलावून राहिली. मंग मले म्हणू नका." ती धमकी देत नव्हती. ती तारीख सांगत होती.

आता माझी अडचण समजून घ्या. जुनी गाडी भंगारात गेली तर कोणी मरत नाही. पण टाउनशिपमधल्या निम्म्या लोकांना मी गाड्या पारखून दिल्या होत्या. माझ्या स्वतःच्या गाडीला किलोचा भाव लागला, ही बातमी दूधवाल्याच्या आधी घरोघरी पोचली असती. आणि दुसरी गोष्ट, जी मी बायकोला सांगितली नाही, ती अशी की मला ती गाडी आवडायला लागली होती. सकाळी प्लांटची लाल धूळ तिच्यावर बसायची, मी ओल्या फडक्यानं पुसायचो, आणि पुसताना माझ्या हाताखाली कुठंच काही थरथरायचं नाही. माझ्या आयुष्यात इतकी स्थिर वस्तू दुसरी नव्हती.

विकायला काढली. रायपूरहून एक शौकीन आला. तरुण, गळ्यात रंगाची जाडी मोजायचं यंत्र. माझ्यापेक्षा एक पायरी पुढचा मूर्ख, हे मी लगेच ओळखलं. यंत्रानं रंग उत्तम असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "अंकल, इंजिन दाखवा." मी म्हणालो, "बॉनेट दोन हातांनी उचला." त्यानं एका हातानं उचललं. त्याच्या खांद्यात असा काही आवाज झाला की स्वयंपाकघरातून बायको धावत आली. तिनं त्याला हळद-दूध दिलं, मला एक नजर दिली, आणि तो रायपूरला परत गेला तो बसच्या खिडकीच्या बाजूला झुकून.

आणखी दोघे आले. एकाच्या बायकोला दार आतून उघडेना. दुसऱ्यानं गाडी पुलावर चढवून बघायची इच्छा व्यक्त केली.

मग एक दिवस भंगारवाला आला. मी बोलावला नव्हता, कोणी बोलावला ते विचारलं नाही. त्यानं एका दारावर बोट वाजवलं आणि त्याचा चेहरा उजळला. बॉनेटवर वाजवलं, डोळे मिटून ऐकलं. खरं सांगतो, इतक्या महिन्यांत त्या गाडीवर मनापासून प्रेम करणारा माझ्याशिवाय तो एकटाच माणूस मला भेटला. त्यानं सांगितलेली रक्कम आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त होती, आणि तो आकडा ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणालो.

बायको दारात उभी होती. "कावून नाही म्हटलं?"

"तो तिला कापेल."

"मंग काय लाडू चारीन?"

क्वार्टरची चावी परत द्यायला तीन आठवडे उरले असतील. त्या सुमारास आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचं लग्न आलं. इकडे आपली मराठी माणसंही वरातीला बारातच म्हणतात आणि ती काढतातही इकडच्याच पद्धतीनं. डीजेची गाडी पुढे, मग दिवे डोक्यावर घेतलेल्या बायका, मग नाचणारे, आणि मागे नवरदेव. पूर्वी नवरदेव घोडीवर असायचा. आता पोरांना गाडी लागते, जुनी, फुलांनी सजवलेली. आणि नाचणाऱ्यांना जमीन पुरत नाही. नवरदेवाचे मित्र गाडीच्या बॉनेटवर चढतात, मामा छपरावर. ते चढले नाहीत तर मुलीकडचे म्हणतात, बारातीत दम नव्हता.

गाडीचं काम पावर हाउस वस्तीतल्या एका घोडीवाल्याकडे होतं. त्याचे आजोबा तुमसरहून आलेले, घोड्या पाळायचे. हा आता घोड्यांबरोबर गाड्याही लावतो. पस्तिशीचा असेल, कानात बाळी, आणि चालताना सगळ्यांच्या पायांकडे बघायची सवय, घोडीवाल्यांना असते तशी. त्यानं लाल रंगाची एक सुंदर उघडी गाडी आणली होती. मी डोक्याला फेटा बांधून तिच्याभोवती फिरलो आणि चार जणांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पत्रा पातळ आहे." आयुष्यात एकदा तरी मी वेळेवर बरोबर बोललो, पण कोणी ऐकलं नाही, कारण डीजे सुरू झाला होता.

सेक्टरच्या चौकात मुलाचा मामा बॉनेटवर चढला. राजनांदगावचा माणूस, अंगानं भरलेला. त्याच्या पाठोपाठ तीन मित्र. डीजेनं नागीण लावली. मामानं फणा काढला, आणि बॉनेट आत गेलं. आतल्या पंख्याला लागलं, कर्र झालं, धूर निघाला, आणि गाडी बंद. मामा गुडघ्यापर्यंत खड्ड्यात उभा आणि फणा अजून वरच.

आता नवरदेव पायी कसा जाणार? मुलीकडचे समाज भवनाच्या दारात हार घेऊन उभे. घोडीवाल्याच्या दोन्ही घोड्या दुर्गला दुसऱ्या लग्नात. शेजाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. घोडीवाला फोनवर फोन लावत होता आणि कोणी उचलत नव्हतं.

मी घराकडे धावलो. दोनच गल्ल्या होत्या. बायको नेसून-सवरून मागे राहिलेल्या बायकांबरोबर निघाली होती, तिनं मला गाडीची चावी उचलताना पाहिलं.

"तिथं बंद पडली तर?"

"समाज भवनापर्यंत रस्ता सपाट आहे."

"थे मले माहीत आहे. मी तुमचं इचारून राहिली." पण बोलता बोलता तिनं दाराला लावलेलं झेंडूचं तोरण ओढून काढलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. "बॉनेटले बांधा. उघडी नका नेऊ."

गाडी चौकात आली तेव्हा लोक बाजूला झाले. होणारच. नवरदेव मागे बसला. दार लावलं, धप्प! डीजेच्या आवाजावरूनही तो धप्प ऐकू गेला. मग मामानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मामा चढला. गाडी हलली नाही, दबली नाही, कुरकुरली नाही. मित्र चढले. मामा बॉनेटवरून छपरावर गेला, आणि तिथं त्यानं जो नाच केला तो मी आतून फक्त ऐकला. जणू वर कोणी पापड लाटतंय, इतकाच आवाज. आरशातून मागे बघितलं तर नवरदेव वर हात करून छपराला धरून बसला होता, उगाचच.

आणि मला त्या दिवशी समजलं की गाडी चढ चढत नव्हती, पळत नव्हती, वळत नव्हती, हे सगळं खरं, पण बारातीला यातलं काहीच नको असतं. बारात दहा पावलं चालते, थांबते, नाचते, पुन्हा दहा पावलं. पहिला गिअर, अर्धा क्लच, थांब. पहिला गिअर, अर्धा क्लच, थांब. पाच महिने सुपेल्याच्या पुलाला घाबरणारी माझी गाडी त्या सपाट रस्त्यावर हत्तीणीसारखी चालली होती, आणि डोक्यावर आठ माणसं होती. एकदा मी मोजली, मग नऊ झाली तेव्हा मोजणं सोडलं. गल्लीगल्लीतून लोक बाहेर आले. ज्यांना मी गाड्या घेऊन दिल्या होत्या ते सगळे फुटपाथवर उभे, मोबाईल वर धरून. मी काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. इतका मोठा माणूस मी पुन्हा कधी झालो नाही.

घोडीवाला गाडीच्या बाजूनं चालत होता. हळूहळू त्यानं नवरदेवाकडे बघणं सोडलं, डीजेकडे बघणं सोडलं. तो वाकून बॉनेटच्या कडेला बघायला लागला. मग मुठीनं एकदा ठोकलं. हात झटकला.

"काका," तो काचेपाशी आला, "हे कोण्या कंपनीचं आहे?"

"हे भिलाईचं आहे!" मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत होतो तेव्हा तो अंगणात हजर. गाडी तशीच उभी होती, छपरावर गुलाबाच्या पाकळ्या आणि एक हरवलेली मोजडी. पोचा कुठंच पडला नव्हता. त्यानं घोडी बघतात तशी गाडी बघितली. समोरून, मागून, खाली बसून पायांकडे. टायरला थोपटलं. मग सोबतच्या डीजेवाल्याला म्हणाला, "चढ." डीजेवाला बॉनेटवर चढला. "कूद." तो उड्या मारायला लागला. आमच्या मागच्या लाईनीतल्या बायका कपडे वाळत घालायच्या थांबल्या.

आता इथं माझी जुनी खोड उसळली. विकणाऱ्यानं खोट लपवायची असते, एवढं मला माहीत होतं. मी म्हणालो, "वजन जरासं जास्त आहे, पण फारसं नाही. जाणवत नाही."

तो उठून उभा राहिला. चेहरा पडला. "फारसं नाही? मंग पतली आहे का?"

"नाही नाही, तशी पतली नाही..."

"नक्की सांगा काका. पतली असंल तर मले नको. सीझनमदी रोजचे मामा असतात."

मागून बायकोचा आवाज आला, "पाच क्विंटल जास्त आहे! धरमकाट्याची चिठ्ठी दाखवा ना त्यायले, लपवून काय राहिले?"

मी चिठ्ठी दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि हसू लपवण्यासाठी मान खाली घातली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की भाव आता माझ्या हातात आहे. मग मात्र मी सोडलं नाही. फरशी दाखवली. दारं वाजवून दाखवली. जास्तीच्या पाट्या दाखवायला त्याला गाडीखाली झोपवलं. रायपूरच्या माणसाच्या खांद्याची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तो माणूस पहिलवान होता असं म्हणालो. भंगारवाल्यानं सांगितलेला आकडा त्याला ऐकवला आणि म्हणालो, "हा तर नुसत्या लोखंडाचा भाव आहे. मी घेणार आहे तो गाडीचा." तो पहिला भाव बोलला, मी हसलो. दुसरा बोलला, मी आत जाऊन पाणी पिऊन आलो. तिसऱ्याला बायकोनं माझा शर्ट मागून ओढला आणि मी हात पुढे केला. ज्या भावानं घेतली होती त्यापेक्षा बऱ्याच जास्त भावानं ती गेली, तीही न कापता, आख्खी, कामाला.

कागदावर सह्या झाल्या. शेजारी पेढे घेऊन आले, लग्नाचे की गाडीचे ते मी विचारलं नाही, दोन खाल्ले. अंगणात पाचसात लोक जमले होते. बायको पहिल्यांदा त्या गाडीकडे बघून चक्क हसली, आणि तिनं घोडीवाल्याला सांगितलं की फडकं ओलं घ्यायचं, सुकं नाही. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या विजयानंतर, मला राहवलं नाही. मी घोडीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पुढची गाडी घ्यायच्या आधी मला बोलवत जा. बिनसंकोच. मी पारखून देईन."

तो ड्रायव्हर सीटवर बसला. दोन हातांनी दार ओढून घेतलं.

"पारखून नका देऊ काका," तो म्हणाला. "पुढच्या वेळी तुमी कोण्या गाडीत फसान ना, तवा फक्त मले एक फोन करजा."